मलान्याची गाठ

कुंपणांवरून गेलेला तो तागाच्या सुताचा दोरा दिसतोय ना, पाहुण्यांनो, त्याला हात लावू नका. लावलात तर मला कळेल. मी तेकल्या. सत्तर वर्षे या अल्खोवका गावात राहते आहे आणि परक्या माणसावर नजर ठेवायची आमची सवय त्याहून जुनी आहे. वर्षातून एकदा, बर्फ वितळून दलदल भरली की, आम्ही गावाला हा वेढा घालतो. का, ते सांगते.

फार पूर्वी इथे पटकीची साथ आली. घरटी एक तरी मूल गेले, असे सांगतात. तेव्हा युखीम नावाचा म्हातारा गावाचा कारभारी होता. तो म्हणाला, सगळ्या घरांनी आपल्या पेटीतले सगळे सूत काढायचे, गाठीला गाठ मारून सूर्य बुडायच्या आत गावाला वेढा घालायचा. वेढा पुरा झाला की साथ आत येत नाही. पण एका घरानेही सूत मागे ठेवले तर दोरा पुरत नाही.

सगळ्यांनी सूत आणले. मलान्याचे मात्र कोणी घेतले नाही. ती विधवा, नदीपलीकडून आलेली, दलदलीच्या काठी शेवटच्या झोपडीत एकटी राहायची. एवढ्या साथीत तिला काही झाले नव्हते आणि लोकांना तेवढे पुरले. साथ हिनेच आणली, अशी कुजबूज सुरू झाली. म्हणून दोरा तिच्या दारापुढून न्यायचा, झोपडी बाहेर ठेवायची, असे ठरले.

आणि नेमका तिच्याच दारासमोर दोरा संपला. जेमतेम अंगणाएवढी फट राहिली. सूर्य टेकला होता. बायका एकमेकींकडे तिरप्या डोळ्यांनी बघू लागल्या, मग सगळ्यांची नजर झोपडीकडे वळली. "हिच्या नजरेनेच सूत आटलं!" कोणीतरी ओरडले. पुरुषांनी गवताची दाताळी उचलली. तिला दलदलीत लोटायचेच बाकी होते.

तेवढ्यात मलान्या बाहेर आली, म्हणे. हातात पांढरा सदरा होता. आमच्याकडे बायका आपल्या मरणाचा कपडा स्वतः विणून ठेवतात, तो. उंबऱ्यावर बसून तिने तो उसवला, एकेक धागा ओढून जोडला आणि टोक युखीमपुढे धरले.

"मला हा लागेल तेव्हा लागेल, आजोबा. तुम्हाला आत्ता लागतोय. धरा टोक."

युखीमला तिच्या हातचे धरवेना. मग तिनेच बाहेरून गाठ मारली. वेढा पुरा झाला आणि सूर्य बुडाला. गाठ मारून ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, असे सांगतात. कशासाठी, ते सगळ्यांना कळत होते. पण तिला आत घ्यायला कोणी दोरा उचलला नाही.

साथ ओसरली. पण सकाळी मलान्या झोपडीत मेलेली सापडली, अंगावर रोजचा मळका सदरा. निदान पुरायला तरी धड कपडा हवा, म्हणून बायका सूत शोधू लागल्या. चोराच्या मनात चांदणे! कोणी लेकीच्या लग्नासाठी, कोणी अडीअडचणीला म्हणून, प्रत्येकीने थोडे थोडे मागे ठेवले होते. खाली मान घालून एकेकीने आणून टाकले. गावाला दुसरा वेढा बसला असता एवढा ढीग झाला. सुताची सर्वांत मोठी गुंडी आमच्या घरातली होती, असे गाव सांगते. आमच्या घरात तसे सांगत नाहीत. पण मला त्या गुंडीची आठवण झाली की लाज वाटते.

आजही या दिवशी गावातल्या सगळ्या पेट्या उघड्या असतात, आणि आजही आम्ही दुसऱ्याच्या पेटीत आधी डोकावतो. स्वभाव कुठे जातो? पण शेवटची गाठ गावातले कोणी मारत नाही. ती मलान्याच्या अंगणापाशी, बाहेर उभे राहून, परक्याने मारायची.

तेव्हा या इकडे, घ्या हे टोक. नीट मारा, मी बघते आहे. आणि मारून झाली की तिथेच थांबा. दोरा मी उचलते.