मिठाची शिळा आणि मुराळी

पूर्वी हिमवंताच्या कुशीतल्या शैलग्राम नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कस्तुरीमृगाचा जन्म घेतला होता. नगरापासून आठ दिवसांच्या चढणीवर देवदार संपतात आणि भूर्जवृक्षांचं पांढरं रान सुरू होतं. तिथे तो एकटा राही. कस्तुरीमृग आपलं ठिकाण सोडत नाही. तीच वाट, तोच कडा, अंग घासायला तेच झाड. बोधिसत्त्वही जिथे जन्मला त्या भूर्जाखालीच रोज विसावत असे.

रानाच्या खाली मेंढपाळांची वस्ती होती. त्यांची एक रीत होती. बर्फ पडण्याआधी वरच्या कुरणांतून कळप उतरवताना घरच्या धाकट्या सुनेने रानाच्या कडेच्या सपाट शिळेवर मूठभर मीठ ठेवायचं आणि हळूच म्हणायचं, “आम्ही निघालो, आता घर तुमचं.” मीठ खिंडीपलीकडून मेंढ्यांच्या पाठीवरून येई, घरात ते जपून वापरत. तरी ही एक मूठ रानातल्या जनावरांची. शिळेजवळ कुणी फासा लावीत नसे. मोठ्याने बोलतसुद्धा नसत.

चार वर्षं ही मूठ धाकटी सून सामा ठेवीत होती. सामा फार दचकी. झुडपातून मोनाल पक्षी फडफडत उठला की तिच्या हातचं भांडं पडायचं. मग सासू म्हणायची, “अगं, पाखरू उडालं, डोंगर नाही कोसळला!” सगळे हसत. सामाही हसे, पण छाती बराच वेळ धडधडत राही.

तिचं माहेर दोन डोंगर ओलांडून खालच्या खोऱ्यात होतं. सासुरवाशिणीने माहेरी जायचं ते न्यायला मुराळी आला तरच, अशी तिथली चाल. सामाचा बाप वारला होता आणि भाऊ नव्हता. मुराळी येणार कुठून? पाण्याला गेली की ती दक्षिणेच्या कड्याकडे बघत उभी राही. घागर भरून वाहू लागली तरी तिला कळत नसे.

त्या वर्षी राजाचा तांडा वस्तीवर आला. तांड्याच्या नायकाने सामाला तिच्या आईचा निरोप सांगितला. “म्हातारीची नजर गेली. मला म्हणाली, पोरीला सांगा, आता दिसणार नाही, पण एकदा हाताला तरी लाग.”

सामाने दक्षिणेच्या कड्याकडे पाहिलं.

नायकाने इकडे तिकडे पाहिलं. “राजाला कस्तुरी हवी आहे. तुझ्या हातच्या मिठाला ते जनावर येतं, हे मला ठाऊक आहे. एक फासा लाव. उद्या दुपारी तांडा निघेल, तुला आईच्या दारात सोडतो. तुझा मुराळी मीच समज.”

“आमच्यात तिथे फासा लावत नाहीत.”

“आणि तुमच्यात भाऊ नसलेल्या पोरी माहेरीही जात नाहीत. बघ बाई.”

सामाने शिळेवर मीठ ठेवलं. शिळेच्या पायथ्याशी, वाळल्या पानांखाली, फासा पसरला. ‘आता घर तुमचं’ हे शब्द काही केल्या तिच्या तोंडातून निघेनात.

पहाटे ती गेली तेव्हा मृगाचा मागचा पाय फाशात होता. दोरी मांसात रुतली होती. तो धडपडत नव्हता. सामाने सुरी काढली, पण ती हातातून गळून दगडावर वाजली आणि त्या आवाजाने तीच दचकली.

“भिऊ नकोस, सामे,” मृग म्हणाला. “दोरी मला वासाने कळली होती. पण तिला तुझ्या हाताचा वास होता. चार वर्षं त्या वासामागे मीठच असायचं. म्हणून मी पाय टाकला.”

हे ऐकून सामाला रडू फुटलं. आई, तिचे डोळे, न येणारा मुराळी, सगळं तिने सांगून टाकलं. चार वर्षांत ती इतकं कुणाशी बोलली नव्हती.

मृगाने शांतपणे ऐकलं. “ओढ मला कळते,” तो म्हणाला. “मीही या एका भूर्जापायी इथून हललो नाही. कस्तुरी हवी तर घे. पण मग पुन्हा या शिळेवर मीठ ठेवू नकोस. बाकीची जनावरंही तुझ्या हाताचा वास ओळखतात.”

सामाने सुरी उचलली आणि दोरी कापली.

मोकळा होऊनही मृग गेला नाही. कड्याकडे मान करून तो म्हणाला, “कड्याखालून आमची एक वाट आहे, बर्फातही चालते. घरी सांगून ये. मी येतो तुझा मुराळी.”

सामा घरी गेली. तिने सासूपासून काही लपवलं नाही, फासासुद्धा नाही. सासू चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “माझ्याही वेळी कुणी आलं नव्हतं. पुढे पुढे मी वाट बघायचीच सोडली.” मग ती उठली, मडक्यातून मीठ काढून तिने सामाच्या पदरात बांधलं. “जा. आणि दारी आलेल्या मुराळ्याला उपाशी नेऊ नकोस.”

तांडा दुपारी रिकाम्या हाताने निघून गेला.

ती दोघं निघाली तेव्हा बर्फ भुरभुरू लागलं होतं. रानाच्या कडेला मृग थांबला. आपल्या भूर्जाला त्याने एकदा अंग घासलं आणि लंगडत पुढे झाला. दरड आली की तो मागे वळून उभा राही, सामा पोचली की चालू लागे. तिसऱ्या दिवशी खालच्या खोऱ्यातला धूर दिसला. सामा धावत सुटली.

आईने तिचे हात हातात घेतले, नाकाशी नेले. “मिठाचा वास येतो गं. न्यायला कोण आलं होतं?”

सामाने मागे पाहिलं. बर्फात नुसती पावलं होती. तीन खोल, एक पुसट.

हिवाळाभर मायलेकी एका घोंगडीत झोपल्या. वसंतात सामा सासरी परतली आणि दर वर्षी शिळेवर मीठ ठेवीत राहिली. इतर जनावरं येत. भूर्जाच्या सालीवर घासल्याची खूण हळूहळू भरून आली. फाशाने अधू झालेल्या पायाने परतीची चढण मृगाला चढता येणार नव्हती. माहेरहून येणारे सांगत, खालच्या डोंगरधारेवर एक लंगडं हरीण असतं, सदा वर तोंड करून बघत उभं.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा खेमवती नावाच्या तरुण भिक्षुणीला सांगितली. ती रोज विहाराच्या दाराशी उभी राहून आपल्या गावची वाट न्याहाळी आणि त्याची लाज वाटून रडे. शास्ता म्हणाला, “ओढ असण्यात पाप नाही, खेमवती. तेव्हाची सामा तू होतीस. तुला रागे भरून स्वतःची घोंगडी तुझ्यावर पांघरणारी वृद्ध स्थविरा भिक्षुणी, ती तुझी सासू. काल वेशीवर तुला गावाची बातमी देऊन गेलेला तांड्याचा सार्थवाह, तो नायक. आणि तो कस्तुरीमृग मीच होतो.”

आपल्या घराची ओढ असूनही दुसऱ्याला त्याच्या घरी पोचवायला जो आपलं घर सोडतो, त्याची मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीच्या गुणाची साधना, पूर्ण होते.