घोड्यांचा सोमवार

सोमवार उजाडला की बोरगडच्या पागेतले घोडे आजारी पडत. कारण सगळ्या गडाला ठाऊक होतं, पण महाराजांपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. बहिरजीराव महाराज सोमवारचा उपास करत आणि पुण्य वाढावं म्हणून घोड्यांनाही करायला लावत. त्या दिवशी दाणा बंद, वैरण बंद. बरं, उपासाचं जनावर बांधून ठेवणं म्हणजे पाप, म्हणून घोडे मोकळे. आणि पागेभोवती काय, तर महाराजांनी स्वतःच्या हातांनी लावलेली, महादेवाच्या पूजेची कण्हेर! एरवी त्या कडू, विषारी पाल्याला घोडा सहसा तोंड लावत नाही. पण पोटात आग पडली की कडू काय अन् गोड काय.

शेवटी महाराजांचा लाडका अबलख घोडा कण्हेर खाऊन मेला. महाराजांनी घोड्यांची निगा राखणाऱ्या रखमाजी मोतद्दाराला दरबारात उभं केलं.

"येत्या सोमवारी एकाही घोड्याने कण्हेरीचं पान चघळलं, तर तुझा कडेलोट!"

"मग कण्हेर तोडू का, सरकार?"

"देवाची कण्हेर? खबरदार!"

"घोडे बांधू?"

"पाप लागेल."

"मग मूठभर दाणा तरी..."

"उपास मोडतोस? माझा उपास तोच माझ्या घोड्यांचा."

रखमाजीची मुलगी तुळजा मागेच उभी राहून हे ऐकत होती. देवाने या महाराजांना डोकं दिलं ते बहुतेक मंदील ठेवायलाच, असं तिला वाटलं. पण तोंडाने ती गोड बोलली.

"महाराज, घोड्यांनी अगदी आपल्यासारखाच उपास धरायचा ना?"

"तंतोतंत. रतीभरही फरक नको."

"जशी आज्ञा," तुळजा म्हणाली आणि बापाला हाताला धरून घेऊन गेली.

सोमवारी दुपारी महाराज ढेकर देत पागेकडे आले. घोडे कण्हेरीच्या सावलीत डुलक्या घेत होते. झाडाचं एक पानही कुठे तुटलेलं नव्हतं. महाराज खूश झाले, पण तेवढ्यात त्यांना एका घोड्याच्या तोंडात रताळं दिसलं.

"उपास मोडला!" महाराज गरजले.

"कुणाचा, महाराज?" तुळजाने विचारलं.

"घोड्यांचा! आणखी कुणाचा?"

"मुदपाकखान्यात विचारा. आपल्या ताटात रताळी गेली, तेव्हा इकडे रताळी आली. शेंगदाणे गेले, शेंगदाणे आले. मग राजगिऱ्याचे लाडू. केळी मात्र आपण दोनदा मागून घेतलीत, म्हणून घोड्यांना पुरली नाहीत." तिने महाराजांच्या पोटाकडे पाहिलं आणि अदबीने मान खाली घातली. "आता एवढ्याने घोड्यांचा उपास मोडला असेल, तर आपलाही... पण ते मी कोण सांगणार?"

रखमाजीने डोळे मिटून घेतले. महाराजांनी मिशीवरून हात फिरवला, तर हाताला लाडवाचा चुरा लागला. त्याकडे बघता बघता त्यांना हसू फुटलं आणि ते पोट धरून हसत सुटले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तुळजाला दिलं.

"रखमाजी, तू सुटलास. आणि पोरी, आणखी काय हवं ते माग."

"काही नको, महाराज. आम्ही रोज भाकरी खाणारी माणसं. एखाद्या सोमवारी आम्हालाही असा कडक उपास घडू द्या."

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि हसता हसताच त्यांनी मुदपाकखान्याला हुकूम सोडला. दर सोमवारी मोतद्दाराच्या घरी उपासाची ताटं जाऊ लागली, केळ्यांसकट.