नटवी आसरा

चपला इथेच काढा, आणि पाण्याकडे पाठ करू नका. समोर शेंदराचे सात दगड दिसतात ना, त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या बाया. सहा जणी हिरव्या खणात आहेत. सातवीकडे नीट बघा. पाठीवर गोंडे लावलेली डोरी, डोक्याला क्लचर आणि ओठांच्या जागी सध्या तुमच्या शहरात चालते ती चॉकलेटी लिपस्टिक. तिचा ब्लाऊज मी शिवते. निगडवाडीत माझं शिलाईचं दुकान आहे. माझ्याआधी सासूबाई शिवायच्या. हसायचं असेल तर गावात गेल्यावर हसा, या काठावर ते चालत नाही.

पूर्वी इथे सहाच दगड होते, असं सांगतात.

नायलॉनच्या साड्या गावात नव्यानं आल्या, तेव्हाची गोष्ट. तान्हूबाई नावाच्या विधवेला इंदू ही एकुलती एक मुलगी. पोरीला नटायची भारी आवड. तालुक्याला सिनेमा पाहून आली आणि फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज शिवून घेतला. आई म्हणाली, "बापाविना वाढलेली पोर हायेस. लोकं मला नावं ठिवत्यात. काढ आधी त्यो." काढायच्या आधी एकदा स्वतःला पुरतं बघावं, म्हणून इंदू तळ्यावर आली. घरातला आरसा होता तळहाताएवढा. ती वाकली, आणखी वाकली. पाण्यातल्या बायांना ती आवडली म्हणे. प्रेत काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी काठावर सातवा दगड होता.

त्यानंतर नटून पाण्याला येणाऱ्या पोरींच्या मागे कुणीतरी उभं राहू लागलं. केसांतली पिन नाहीशी व्हायची. नखांचं पॉलिश पाण्यात हात घालताच उतरायचं. मग एकदा मालन नावाच्या मुलीला भर दुपारी पाण्यानं आत ओढलं. काठावरच्या बायांनी वेणीला धरून तिला बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "आत एक पोरगी हाय. बाहीला हात लावून इचारती, कुठं शिवलास?"

गाव तो दगड उखडून फेकायला निघालं. तान्हूबाई त्याच्यावर आडवी पडली. "माझी पोर हाय ती. तिला काय पायजे ते मी दीन. मग ती कुनाला वढायची न्हाय." गावानं ऐकलं, पण बजावलंही, की पुन्हा एक जरी पोर ओढली गेली तर दगड राहणार नाही. दगड गेला असता तर त्या माउलीची लेक दुसऱ्यांदा गेली असती.

तेव्हापासून फिक्या लुगड्यातली ती बाई एसटी स्टँडवर उभी राहून कॉलेजच्या पोरी निरखू लागली. बेलबॉटम आली, बॉबकट आला, कुंकवाच्या डब्या मागे पडून चिकटवायच्या टिकल्या आल्या, पंजाबी ड्रेस आले. सगळं दगडापर्यंत पोचलं आणि पाणी शांत राहिलं.

पण आईचं मन ते. इंदूच्या बरोबरीच्या मुलींना नातवंडं झाली. तान्हूबाईला वाटलं, आपली पोरही आता पोक्त झाली असेल. त्या वर्षी तिनं दगडाला वयाला शोभेल अशी जांभळी, मोठ्या काठाची साडी नेसवली. सकाळी ती साडी तिच्याच दाराशी होती, घडी घातलेली, ओलीचिंब. घडीवर एक लाल टिकली चिकटवलेली. अंगणात तळ्याकडून आलेले ओले पाय उमटले होते, कोवळ्या पोरीचे.

तान्हूबाई उंबऱ्यात बसून खूप रडली. "म्हातारी मीच झाले गं," एवढंच म्हणाली. मग उठली, फिकं लुगडं सोडलं, ती ओली साडी नेसली आणि टिकली कपाळाला लावली. विधवेनं टिकली लावली म्हणून गावातली मोठी माणसं जाब विचारायला आली. एकानं ती काढायला हात पुढे केला. तो हात मनगटापर्यंत ओला झाला आणि महिनाभर वाळला नाही म्हणे. तान्हूबाई त्या टिकलीसकट सरणावर गेली.

आजही नवी फॅशन आधी सातवीला, मग गावातल्या पोरींना. आणि आजही निगडवाडीत नवरा गेला म्हणून बाईचं कपाळ कुणी पुसत नाही. माझे मालक गेले तेव्हा माझ्या माहेरच्या बाया रीतीप्रमाणे पुढे आल्या. त्यांना इथलं ठाऊक नव्हतं. त्यांचे हात माझ्या कपाळापाशी आले, आणि माझ्या मांडीवर तळ्याचं पाणी ठिबकू लागलं.