चतुर्थी विसरलेला प्रोग्राम

एकदा एक विद्यार्थिनी सकाळीच लॅपटॉप घेऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी आली. तिचं नाव केतकी. गुरू म्हणजे संगणकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तालुक्याच्या गावी परतून ते आता दारापुढची बाग आणि गावातली होतकरू मुलं, दोन्हींची निगा राखत असत. नोकरीत असताना प्रवेशाचे अर्ज वाचण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती, त्यामुळे अर्ज म्हटला की मुलं त्यांच्याकडेच धाव घेत.

केतकीला ज्या संस्थेत संगणकशास्त्र शिकायचं होतं, तिथे नुसत्या गुणांवर प्रवेश मिळत नसे. स्वतः केलेलं एखादं काम आणि त्यावरचा निबंध पाठवावा लागे. तिच्याइतके गुण पुष्कळांना होते. तेव्हा जे काही व्हायचं ते या अर्जावरच, हे तिला पुरतं ठाऊक होतं. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तरी ती निर्धास्त होती, कारण काम खणखणीत होतं. तिच्या आईची खानावळ होती. उद्या जेवायला साधारण किती माणसं येतील आणि किती चपात्या लागतील, हे सांगणारा प्रोग्राम केतकीने लिहिला होता. आई त्याच्या भरवशावर कणीक भिजवत असे.

सरांनी निबंध वाचला. त्यात 'अचूक', 'अत्याधुनिक' आणि 'यशस्वी' हे शब्द लग्नातल्या पाहुण्यांसारखे नटूनथटून बसले होते. सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. त्यांनी तिला आत जाऊन चहा टाकायला सांगितलं. ती कप घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"तुझ्या प्रोग्राममधला एक तुकडा मी काढून टाकलाय," ते म्हणाले. "कुठला ते शोध आणि परत लिही."

केतकीने कप खाली ठेवले. मुदत डोक्यावर आलेली असताना हे भलतंच काय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांना उलट बोलायची सवय नव्हती, म्हणून तिने राग गिळला. एरवी असा तुकडा शोधणं सोपं असतं. प्रोग्राम लिहिणारी माणसं जुन्या आवृत्त्या जपून ठेवतात. कालची आणि आजची शेजारी मांडली की फरक दिसतो. केतकीने मात्र अर्जाच्या तयारीत त्या सगळ्या पुसून टाकल्या होत्या. त्यांत चुकाच चुका होत्या, आणि परीक्षकांना आपला पसारा कशाला दाखवायचा, असा तिचा विचार होता. काम पहिल्याच फटक्यात जमल्यासारखं दिसावं, म्हणून तिने फक्त शेवटची स्वच्छ प्रत ठेवली होती, आणि नेमका तिलाच सरांनी हात लावला होता.

ती मान खाली घालून कामाला लागली. साध्या वारांचे अंदाज विचारले, ते बरोबर आले. कॉलेजच्या सुट्टीचे विचारले, तेही बरोबर आले. मग तिने येत्या अंगारकीची तारीख घातली. प्रोग्रामने नेहमीच्या मंगळवारइतक्याच चपात्या सांगितल्या आणि केतकीला हसूच फुटलं.

"सर, तुम्ही चतुर्थी काढलीत."

इतक्या लवकर कसं ओळखलं, असं सरांनी विचारलं. काढलेला तुकडा परत लिहिता लिहिता ती सांगू लागली आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. पहिल्यांदा प्रोग्रामला फक्त वार कळत होते, तिथी कळत नव्हती. एका संकष्टीला दुपारी चपात्यांचा ढीग उरला आणि नेहमीची गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या गाडीवर साबुदाण्याची खिचडी खाताना दिसली. दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांना कुस्करा खावा लागला. मग तिने प्रोग्रामला पंचांग शिकवलं. तरी अंगारकीला तो पुन्हा आपटला, कारण एरवी संकष्टी न धरणारी माणसंही अंगारकी धरतात. तेही तिने दुरुस्त केलं.

"श्रावणात मात्र तो अजून फसतो," ती म्हणाली. "कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार, कुणी महिनाभर एकवेळ जेवतं. ज्याचा त्याचा उपास वेगळा. ते कसं पकडायचं, हे मला येत नाही. तेच शिकायला तर जायचंय."

"हे तुझ्या निबंधात कुठे आहे?"

केतकीने निबंध वरपासून खालपर्यंत चाळला. त्यात यातलं काहीच नव्हतं.

सर म्हणाले, "अगं, मी इतके अर्ज वाचले, पण त्यांत कुणाचा प्रोग्राम कधी चुकलेला पाहिला नाही. सगळेच यशस्वी. अर्ज खाली ठेवला की त्यातलं मूल आठवायचं नाही. बिघाड समोर आल्यावर हे मूल काय करतं, ते आम्हाला बघायचं असतं. पुढे वर्षानुवर्षं त्याला तेच करायचं असतं ना. मी एकच तुकडा काढला, बाळ. बाकीचं तू आधीच काढून ठेवलं होतंस."

तिने विचारलं, की तुकडा सापडला नसता तर? सरांनी चहाचा घोट घेतला. तसं वाटलं असतं तर मी हातच लावला नसता, असं म्हणून ते झारी घेऊन बागेत गेले.

त्यांच्याच ओसरीवर बसून तिने निबंध नव्याने लिहिला. त्यात उरलेला ढीग होता, खिचडीची गाडी होती, अंगारकी होती. शेवटी श्रावणाची कबुली होती. मुदतीआधी तिने अर्ज पाठवला. यातला शब्द न् शब्द आपला आहे, आणि कुणी काहीही विचारलं तरी आपण सांगू शकतो, हे तिला कळून चुकलं होतं.

पुढे तिला मुलाखतीला बोलावलं आणि तिथे झालंही तसंच. परीक्षकांनी बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि ते बराच वेळ तिला श्रावणाबद्दलच विचारत राहिले. जे येत होतं ते तिने सांगितलं, जे येत नव्हतं तेही तितक्याच ठामपणे सांगितलं. प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या दिवशी ती पेढे घेऊन सरांकडे आली आणि पाया पडली.

सरांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. त्या दिवशी चतुर्थी होती आणि चंद्रोदयापर्यंत ते काहीच खात नसत. पेढा बाजूला ठेवून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "श्रावण सुटला की कळव."