सुगरणींचा नमुना

देव अजून झाडांना नावं देत होता, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी धुक्यात झुलत असत. जी ती शेजारणीचं बघून विणायची आणि वर आपलं काहीतरी वेगळं करायची. होता होता वाऱ्यात अंडी पाण्यात पडू लागली.

त्यातल्याच केशर सुगरणीचे दिवस भरत आले होते. "आत्या, माझ्या घरट्यात काय चुकलंय तेच कळेना!"

"कळेल कसं? सगळ्याच हौशी!" चंदाआत्या म्हणाली. "गोदाक्काच्या घरट्यातून पिल्लं सुखरूप उडाली. सगळ्यांना पटत असेल तर तोच नमुना धरू. त्याला चोच लावायची नाही, आपापलं ताडून बघायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. केशरने ताडून पाहिलं, तर तिच्या घरट्यात अंडी अडवणारा उंबराच नव्हता. तिने तो विणला.

"आणि फांदीला मी एक वेढा जास्तीचा दिलाय. सोडू का?"

"राहू दे. वाऱ्याला काय वाटतं ते बघू."

केशरने अंडी घातली आणि वारा आला. ती अंड्यांवर डोळे मिटून देवाचं नाव घेत राहिली; घरटं पाळण्यासारखं हललं, पण वेढा सुटला नाही, की एकही अंडं पडलं नाही.

वारा निवला तेव्हा आत्या गवताची काडी घेऊन दाराशी उभी होती. "केशर, सगळ्यांना पटलंय गं. चल, नमुन्यालाही तुझा वेढा दे."