जतच्या रक्तपेढीची किल्ली

टक्... टक्...

मिरजेच्या त्या बोळात लहानपणी सन्मतीनं हा आवाज रोज ऐकला होता. तानपुऱ्यासाठी आणलेला वाळका भोपळा मांडीवर घेऊन कारागीर त्यावर बोटाच्या पेरानं ठोकत आणि कान लावून बसत. आत कुठं चीर असली की आवाज बसका येई.

"ठोकून झालं का, चाचा? सापडली चीर?"

सन्मती मगदूम हसत विचारत होता.  रशीदचाचा चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून बसले होते.

चाचा त्याच बोळातले. बाप तानपुरे करायचा; चाचांनी जन्मभर पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवला. सन्मती त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि पुण्याला गेला. आता कंपन्या त्याला बोलावून घेत आणि म्हणत, आमच्या नेटवर्कमध्ये शिरून दाखव. तो शिरून दाखवी. तेव्हापासून त्याच्या चालण्यात जरा फरक पडला होता.

जतला एका ट्रस्टची रक्तपेढी होती. आसपासच्या तालुक्यांत कुठल्या गटाचं रक्त कुठं शिल्लक आहे, ते तिथल्या सर्व्हरवर दिसे. तो सर्व्हर पहिल्या दिवसापासून चाचांनी सांभाळला. आता डोळे साथ देत नव्हते. सन्मतीनं जतला जाऊन नवं मशीन बसवलं, नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली आणि आज तो मिरजेला चाचांच्या घरी त्या मशीनची परीक्षा करून घ्यायला आला होता.

सर्व्हरची किल्ली चाचांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असे. अंगठ्याएवढी, पेनड्राइव्हसारखी. ती लॅपटॉपला लावल्याशिवाय जतचा कारभार कुणाच्या हाती येत नसे.

सन्मतीला ती हवी होती. पगार नव्हता त्यात. पण चाचांनी ती आजवर दुसऱ्या कुणाला हातात धरू दिली नव्हती.

"चीर नाही," चाचा शेवटी म्हणाले. "सगळीकडे ठोकलं. चांगलं केलंयस, बेटा."

सन्मतीचा चेहरा फुलला.

"ही सिस्टिम जन्माला येतानाच सगळी दारं लावून येते, चाचा. लागेल तेवढंच दार आपण उघडायचं."

"आणि तिचा कोड?"

"मोकळा. जगात कुणीही वाचावा."

"चोरानंही?"

"वाचू दे की. वाचून कुलूप थोडंच उघडतं?"

"लिहिणाऱ्यांनी मोकळा का ठेवला असेल रे?"

"चुका सापडाव्यात म्हणून."

"कुणाच्या?"

"त्यांच्याच..."

"हं," चाचा म्हणाले.

 सन्मतीनं चाचांच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे पाहिलं.

"मग, चाचा?"

"एक काम राहिलंय. कारभाराचं दार अजून जगात कुणालाही ठोठावता येतं. ते फक्त दोन ठिकाणांहून उघडेल असं कर. रक्तपेढीतून, आणि या घरातून."

"एवढंच? आत्ता करतो. एवढं पाणी पिऊन येतो."

तो माठाकडे गेला. चाचांनी किल्ली लॅपटॉपला लावली, जतच्या सर्व्हरवर गेले, काहीतरी टाइप केलं आणि सरकून बसले.

सन्मती आला आणि बोटं चालवू लागला.

"परतीची सोय ठेवलीस का?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे ते घड्याळ लावून ठेवायचं? अहो चाचा, ते शिकाऊ पोरांना. मी रोज हेच करतो."

"बरं."

"जुन्या जोडण्याही सगळ्या तोडतो. स्वच्छ सुरुवात."

"बरं."

त्यानं बटण दाबलं.

पडदा थिजला.

त्यानं पुन्हा दाबलं. नवी खिडकी उघडली. जतहून काही उत्तर येईना...

 काय झालं ते त्याला कळलं होतं. पुण्यातल्या मशीनवर नियमांची जी ओळ आधी लागू पडेल ती खरी. म्हणून परवानगीच्या ओळी वर लिहायच्या आणि 'सगळं बंद' ही ओळ तळाला. हाताला तीच सवय. पण या सिस्टिममध्ये उलटं होतं. इथं शेवटची ओळ जिंकते. आणि शेवटची ओळ होती, सगळं बंद.

रक्तपेढी बाहेर. हे घर बाहेर. तो स्वतः बाहेर.

चाचांचा फोन वाजला. पलीकडं रक्तपेढीतल्या कोळेकरबाई होत्या. आवाज खोलीभर ऐकू आला.

"चाचा, मशीन लागंना की ओ! बी निगेटिव्हची पिशवी कुठं हाय ते दिसंना. बाळंतीण हाय, आन् तिचा नवरा हितं माझ्यापुढं हुबा हाय."

"फोन करून विचारत राहा बाई, सांगलीला, कवठ्याला. त्याला बसवा. चहा द्या. येतंय मशीन."

सन्मती उठला होता. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

"मी निघतो. तिथं मशीनसमोर बसल्याशिवाय आता होणार नाही."

"दोन तास लागतील."

"म्हणून तर! सोडा मला, चाचा."

चाचांनी त्याचं मनगट धरलं होतं. म्हातारा हात, पण पकड घट्ट.

"बस."

"चाचा, ती बाई..."

"मला ऐकू आलंय ते. बस, बेटा."

तो बसला. चाचांनी मनगट सोडलं नाही. सन्मतीची नाडी त्यांच्या बोटांखाली उडत होती. ते त्याच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडेही बघत नव्हते. खिडकीबाहेर कुणीतरी तार लावत होतं, ती लागत नव्हती.



मग पडद्यावर जतच्या सर्व्हरची ओळ उमटली. जशी मघाशी होती तशी.

सन्मती बघतच राहिला.

"हे... कुणी?"

"तू पाणी प्यायला गेलास तेव्हा सर्व्हरला सांगून ठेवलं. थोड्या वेळात माझ्याकडून 'ठीक आहे' असं आलं नाही, तर जुने नियम परत लाव."

सन्मतीनं मान खाली घातली. 

"माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा."

"मी माझ्यासाठीही लावतो. दर वेळी. स्वतःवर तरी कुठं विश्वास आहे रे माझा?"

फोन पुन्हा वाजला. या वेळी सन्मतीनं हात पुढं केला. चाचांनी फोन त्याला दिला.

"लागलं बघा मशीन!" कोळेकरबाई म्हणत होत्या. "पिशवी कवठ्यालाच हाय. गाडी सुटली तिकडं. पर कशानं गेलतं ओ?"

सन्मती क्षणभर थांबला. वीज, केबल, पाऊस... जिभेवर सगळं येऊन गेलं.

"माझ्यामुळं गेलं, ताई. मगदूम बोलतोय. ओळी उलट्या लिहिल्या मी."

"व्हय? बरं बरं. नवरा चहा पिऊन जरा सावरला बघा. ठेवते."

सन्मतीनं फोन जपून खाली ठेवला.

चाचांनी लॅपटॉपमधून किल्ली काढली. काळा दोरा तिच्याभोवती गुंडाळला, सन्मतीचा तळवा उघडला, त्यावर ती ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"नको, चाचा," तो घाईनं म्हणाला. "आत्ताच तर सगळं बंद पाडलं मी."

"हो. पाडलंस."

"मग?"

चाचांनी कपाळावरचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं काचा पुसू लागले.

"लोकांच्या दारांबाहेर तू पुष्कळ उभा राहिलास... आपल्या दाराबाहेर आजच राहिलास. आता परतीची सोय विसरणार नाहीस."

सन्मती उठला. मूठ तशीच मिटलेली ठेवून त्यानं चाचांच्या पायांना हात लावला आणि बोळातून चालू लागला.