लागलेला भात

एकदा एक तरुणी नोकरीनिमित्त स्पेनमधल्या समुद्राकाठच्या गावी राहायला गेली. सात महिन्यांत तिने तीन खोल्या बदलल्या. एकीत ऊन फार, दुसरीत ओल, तिसरीची खिडकी लहान. अखेर तिने राजीनामा लिहून ठेवला. निघण्यापूर्वी तिथला प्रसिद्ध भात, पाएया, तेवढा शिकून घ्यावा म्हणून ती संत्र्याच्या बागेतल्या एका वृद्ध आचाऱ्याकडे गेली; परत जातेय, त्याआधी शिकवा, म्हणाली.

दुपार निवांत होती. संत्र्याच्या फांद्यांचा धूर झाडांतून सावकाश फिरत होता. त्यालाही कुठे जायचे नसावे. पसरट कढईत घेवडा, टोमॅटो परतून झाले, केशराचे पाणी उकळले आणि वृद्धाने त्यात तांदूळ पसरले. तिने लगेच लाकडी डाव घातला.

"राहू दे," तो म्हणाला. जरा वेळाने तिचा हात पुन्हा गेलाच. आपल्याकडच्या माणसाला चुलीवरचा भात नुसता बघत बसायला सांगणे म्हणजे शिक्षाच! तिसऱ्यांदा वृद्धाने डाव तिच्या हातून घेतला आणि सरळ जाळात सारला.

घाबरून ती मराठीतच ओरडली, "अहो, भात लागेल!"

"म्हणजे काय?"

"तळाला धरेल, आजोबा. आमच्याकडे भात लागला की करणारीचं नाक कापलं जातं."

"इथे तो लागावा म्हणूनच आम्ही थांबतो. तळाच्या त्या खरपुडीवरून भावाभावांत भांडणं होतात." मग त्याने सहज विचारले, "तू परत का चाललीस?"

"सात महिन्यांत तीन खोल्या बदलल्या, पण माझं इथे मन..." ती अडखळली, आणि स्वतःशीच हसली. "मन लागत नाही, असं म्हणतो आम्ही. शब्द तोच आहे, आजोबा."

वृद्ध बराच वेळ कढईकडे कान देऊन बसला.

"मुली, लागायला विस्तव हवा, तसंच एका जागी पडून राहणंही हवं. सात महिने तू स्वतःला ढवळते आहेस. तळाला काही धरणार कसं? लागणं निराळं, करपणं निराळं. तो फरक कानाला कळतो. पण त्यासाठी हात स्वस्थ हवेत."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. हळूहळू तळातून बारीक तडतड ऐकू येऊ लागली. वृद्धाने कढई उतरवली आणि सोनेरी खरपुडी खरवडून तिच्या ताटात वाढली. खाताना तिला आईची फार आठवण आली, डोळे भरले. तरी तिथून उठावेसे वाटले नाही.

पुढे ती त्या गावात किती वर्षे राहिली, ठाऊक नाही. त्या संध्याकाळी खोलीवर परतल्यावर मात्र समोरच्या दारातल्या शेजारणीला तिने प्रथमच तिचे नाव विचारले.